पारा-निर्बंधाची कागदपत्रं: आरोग्यपूरक इमारत प्रमाणपत्रासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिस, रुग्णालय किंवा शाळेच्या इमारतीसाठी वेल (WELL) या आरोग्यपूरक इमारत मानकाच्या प्रमाणपत्राची तयारी करणारे वास्तुविशारद, एमईपी (यांत्रिक, विद्युत आणि प्लम्बिंग) सल्लागार, कंत्राटदार आणि खरेदी विभाग यांच्यासाठी ही माहिती आहे. उदाहरणं मुख्यतः वेलच्या दुसऱ्या आवृत्तीला धरून आणि भारतातल्या साइटवरची आहेत. रुग्णालयांसाठी लीड (LEED) या हरित इमारत मानकातल्या मर्यादाही दिल्या आहेत.

वेल मानक पाऱ्याबद्दल नेमकं काय मागतं?

दुसऱ्या आवृत्तीच्या साहित्य विभागात ‘एक्स०१’ ही पूर्वअट आहे. तिच्यात ॲस्बेस्टॉस, पारा आणि शिसं या तिघांवर निर्बंध आहेत. पूर्वअटीला गुण नसतात, पण ती पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. बाकी सगळं उत्तम असूनही इथे फाइल अडली, तर सगळंच अडतं.

पाऱ्याचा भाग नव्याने बसवलेल्या वस्तूंना लागू होतो. या वस्तूंचे दोन गट पडतात: एक दिव्यांचा आणि दुसरा विद्युत व नियंत्रण उपकरणांचा, म्हणजे थर्मोस्टॅट, स्विच, रिले, सेन्सर, मीटर, फायर अलार्मचे भाग वगैरे. वेलच्या मजकुरात वेळोवेळी दुरुस्त्या निघतात. त्यामुळे तुमच्या प्रकल्पाच्या नोंदणीला लागू असलेल्या दुरुस्तीचा मजकूर उतरवून फाइलच्या पहिल्या पानावर लावा. मित्राच्या प्रकल्पाची जुनी चेकलिस्ट वापरू नका.

दोन-तीन मिलिग्रॅम पाऱ्याची एवढी काळजी कशासाठी?

कारण हा धातू खोलीच्या तापमानाला हवेत उडतो. २० अंश सेल्सिअसला उघड्या पाऱ्यावरची बंदिस्त हवा संपृक्त झाली की दर घनमीटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम वाफ धरते. जागतिक आरोग्य संघटनेने हवेतल्या पाऱ्याच्या वाफेसाठी सुचवलेली वार्षिक सरासरी मर्यादा आहे दर घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम. म्हणजे तेरा हजार पटींचं अंतर. वास नाही, रंग नाही, आणि वातानुकूलित इमारतीत तीच हवा पुन्हा पुन्हा फिरते. वाफ फुप्फुसांतून थेट रक्तात जाते आणि मेंदू व मूत्रपिंडांवर परिणाम करते.

शिवाय सगळे स्रोत सारखे नसतात. आजच्या चांगल्या चार फुटी ट्यूबलाइटमध्ये साडेतीन मिलिग्रॅमपर्यंत पारा असतो. जुन्या थर्मोस्टॅटच्या एका काचेच्या कुपीत सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे अशा साडेआठशेहून अधिक ट्यूबलाइटच्या पट्ट्यांइतका. लोक पट्ट्यांची मोजदाद चोख करतात आणि थर्मोस्टॅट विसरतात.

पारा नेमका कुठे लपलेला असतो?

दिवे सगळ्यांना आठवतात: ट्यूबलाइट, सीएफएल, मेटल हॅलाइड, सोडियम व्हेपर आणि जुन्या आवारात अजून दिसणारे मर्क्युरी व्हेपर. शोधावा लागतो तो बाकीच्या ठिकाणी.

टाकीतला आणि संपमधला फ्लोट स्विच पहिला बघा. केबलला लोंबकळणारा फ्लोट कलला की आतली कुपी कलते, पाऱ्याचा थेंब दोन टोकं जोडतो आणि पंप चालू होतो. नव्या फ्लोटमध्ये मायक्रोस्विच किंवा धातूची गोळी असते, पण फ्लोट सीलबंद असल्याने बाहेरून बघून काहीच कळत नाही. तिथे मॉडेल क्रमांकाशिवाय उपाय नाही. गोल डायलचे, कलणारी कुपी असलेले थर्मोस्टॅट आणि बॉयलरचे प्रेशर स्विच यांचं कव्हर काढलं की चंदेरी थेंब डोळ्यांनी दिसतो. भट्ट्या आणि मोठे हीटर चालवणाऱ्या पॅनलमध्ये पारा-विस्थापन रिले असू शकतो. प्लान्टरूममधला यू-ट्यूब मॅनोमीटर, रुग्णालयातलं स्तंभाचं रक्तदाबयंत्र, प्रयोगशाळेतले थर्मामीटर हे तर उघड पाऱ्याचेच.

सभागृहातल्या जुन्या प्रकारच्या प्रोजेक्टरच्या दिव्यातही पारा असतो. त्याला इमारतीचं उत्पादन म्हणायचं की फर्निचरसोबतचं उपकरण, यावर वाद घालत बसण्यापेक्षा लेझर किंवा एलईडी प्रोजेक्टर घेणं सोपं.

‘रोह्स कम्प्लायंट’ असं पत्र आहे. म्हणजे पारा नाही असं धरायचं का?

नाही. सर्वाधिक गफलत इथेच होते, म्हणून थोडं सविस्तर.

रोह्स म्हणजे विद्युत उपकरणांतल्या घातक पदार्थांवर निर्बंध घालणारा युरोपचा २०११/६५/ईयू हा निर्देश. त्यात पाऱ्याची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्के, म्हणजे १००० पीपीएम (दशलक्षात हजार भाग) आहे. ही मर्यादा एकजिनसी पदार्थात मोजायची असते. एकजिनसी म्हणजे यांत्रिक रीतीने आणखी सुटा करता येणार नाही असा पदार्थ: तारेवरचं प्लास्टिक वेगळं, तांबं वेगळं, झाळ वेगळी. पाच किलोच्या पॅनलमध्ये ३ ग्रॅम पाऱ्याचा रिले आहे असं समजा. पूर्ण पॅनलच्या वजनाने भागलं तर उत्तर येतं ०.०६ टक्के. मर्यादेच्या आत दिसतं आणि पुरवठादार त्याच आधारावर पत्र देऊन मोकळा होतो. प्रत्यक्षात कुपीतला पारा हाच एक एकजिनसी पदार्थ आहे आणि त्यात पारा शंभर टक्के आहे. हिशेब साफ चुकलेला असतो.

दुसरी गोष्ट सवलतींची. निर्देशाच्या परिशिष्ट ३ मधल्या १ ते ४ क्रमांकाच्या नोंदी दिव्यांतल्या पाऱ्याला ठरावीक मिलिग्रॅमपर्यंत परवानगी देतात. त्यामुळे पारा असलेली ट्यूबलाइटही कायदेशीरपणे ‘रोह्स कम्प्लायंट’ असू शकली. युरोपने यातल्या बऱ्याच सवलती काढून घेतल्या आहेत. सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या सीएफएलची सवलत फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि टी५, टी८ या ट्यूबलाइट पट्ट्यांची ऑगस्ट २०२३ मध्ये संपली. पण खास उपयोगाच्या दिव्यांची नोंद निराळी असते. म्हणून पत्रात ‘कोणतीही सवलत वापरलेली नाही’ किंवा ‘अमुक क्रमांकाची सवलत वापरली आहे’ हे वाक्य हवंच.

तिसरी गोष्ट व्याप्तीची. मोठ्या प्रमाणावरची स्थिर यंत्रणा आणि कायमस्वरूपी बसवलेले सौर पॅनल रोह्सच्या कक्षेबाहेर आहेत. तिथे ‘आम्हाला रोह्स लागू नाही’ असं पुरवठादार म्हणाला तर तो खोटं बोलत नाही. मात्र तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. त्याला रोह्सबद्दल न विचारता थेट पाऱ्याबद्दल विचारा.

दिव्यांसाठी मिलिग्रॅमच्या मर्यादा कोणत्या?

दिव्याला पीपीएम लावून उपयोग नाही, कारण काच आणि ॲल्युमिनियमच्या वजनात साडेतीन मिलिग्रॅम कुठेच दिसत नाहीत. मर्यादा दर दिव्यामागे मिलिग्रॅममध्ये असते. लीडच्या चौथ्या आवृत्तीत रुग्णालयांसाठी पाऱ्याचा स्रोत कमी करण्याची जी पूर्वअट आहे, तिच्यातले आकडे असे:

- टी८, आठ फुटी: १० मिलिग्रॅम
- टी८, चार फुटी: ३.५
- टी८, यू आकाराची: ६
- टी५, सरळ: २.५
- टी५, गोल: ९
- सीएफएल, चोक आत असो वा बाहेर: ३.५
- हाय प्रेशर सोडियम, ४०० वॅटपर्यंत: १०
- हाय प्रेशर सोडियम, ४०० वॅटच्या वर: ३२

त्याच अटीत टी९, टी१०, टी१२ पट्ट्या, मर्क्युरी व्हेपर दिवे आणि प्रोब-स्टार्ट मेटल हॅलाइड बसवायला मनाई आहे. प्रकाशित एक्झिट फलक पारामुक्त आणि ५ वॅटपेक्षा कमी विजेचा हवा. टी१२ म्हणजे ३८ मिलिमीटर व्यासाची जुनी जाडी पट्टी, टी८ म्हणजे २६ मिलिमीटरची, टी५ म्हणजे १६ मिलिमीटरची. साइटवर खूण पुसलेली असेल तर व्हर्नियर लावून व्यास मोजा.

टी५ सरळ पट्टीचा आकडा बारकाईने बघा. युरोपीय सवलतीत सर्वसाधारण टी५ला ३ मिलिग्रॅम चालत होते, इथे २.५ आहे. ‘रोह्सप्रमाणे आहे’ म्हणून घेतलेली पट्टी या तक्त्यात नापास होऊ शकते.

आम्ही सगळीकडे एलईडी लावलेत. मग हा भाग संपला ना?

जवळजवळ. एलईडीत प्रकाश निर्माण करायला पारा लागत नाही, त्यामुळे दिव्यांच्या तक्त्याचा प्रश्न मिटतो. फिक्श्चरच्या उत्पादकाचं एक पत्र आणि मंजूर ल्युमिनेअर शेड्यूल जोडा. नवीन कामात हाच मार्ग घ्यावा. फ्लुरोसंट पट्ट्यांचे मिलिग्रॅम सिद्ध करण्यात जितका वेळ जातो, तितक्यात एलईडीची फाइल पूर्ण होते. पण मुख्य दिवाबत्तीच्या यादीबाहेरची ठिकाणं तपासा: लिफ्टच्या पिटमधला दिवा, ट्रान्सफॉर्मर खोली, स्वयंपाकघरातला कीटक पकडणारा निळा दिवा, वॉटर प्युरिफायर, आणि एएचयू (हवा थंड करून डक्टमध्ये सोडणारं यंत्र).

एएचयूमधल्या यूव्ही दिव्यांचं काय?

हवा शुद्ध राहावी म्हणून कूलिंग कॉइलवर जे २५४ नॅनोमीटरचे जंतुनाशक दिवे लावले जातात, ते कमी दाबाचे पाऱ्याचे दिवे आहेत. हवेच्या विभागासाठी एक चमू ते मागवतो, साहित्याच्या विभागाची फाइल दुसरा चमू भरतो, आणि ‘प्रकल्पात पारा असलेला एकही दिवा नाही’ असं विधान सहीनिशी जातं. नंतर यांत्रिक नकाशात समीक्षकाला यूव्ही दिसतो. मग संपूर्ण फाइलवरचा विश्वास जातो.

उपाय सोपा आहे. यूव्ही दिवे यादीत आधीच लिहा. उत्पादकाकडून दर दिव्यातला पारा मिलिग्रॅममध्ये, तो द्रव आहे की अमाल्गम (पाऱ्याचा मिश्रधातू), आणि रोह्सची कोणती सवलत लागू होते हे मागवा. तुमच्या आवृत्तीतली मर्यादा कोणत्या प्रकारच्या दिव्यांना लागू आहे ते वाचून तसा खुलासा जोडा. कॉइलच्या प्रवाहात दिवा फुटला तर काच आणि पारा डक्टमध्ये जाऊ नये म्हणून बाहेरून फ्लुरोपॉलिमरचं आवरण असलेले दिवे मिळतात, तेच मागवा. सुमारे २६५ ते २८० नॅनोमीटरचे यूव्ही एलईडी पारामुक्त असतात. मात्र तेवढाच परिणाम हवा असेल तर यूव्ही मात्रेचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

उत्पादकाच्या पत्रात काय काय असावं?

लेटरहेड उत्पादकाचं हवं, विक्रेत्याचं नको. बीओक्यूमध्ये (कामाच्या परिमाणांच्या यादीत) आणि नेमप्लेटवर आहे तोच मॉडेल क्रमांक हवा, ‘संपूर्ण श्रेणी’ नको. पाऱ्याचा आकडा आणि एकक हवं. सवलतीबद्दल स्पष्ट वाक्य, तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि पद हवं.

पुरवठादाराला पुढचा मसुदाच पाठवा, म्हणजे तो आपल्या मनाने काही लिहून पाठवत नाही:

‘आम्ही, खाली दिलेल्या मॉडेल क्रमांकांचे उत्पादक, असं प्रमाणित करतो की या उत्पादनांत पारा (कॅस क्रमांक ७४३९-९७-६) किंवा त्याची संयुगं हेतुपूर्वक वापरलेली नाहीत आणि कोणत्याही एकजिनसी पदार्थात पाऱ्याचं प्रमाण वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नाही. या विधानासाठी पाऱ्याशी संबंधित कोणतीही रोह्स सवलत वापरलेली नाही. आधार: सुट्या भागांच्या पुरवठादारांची साहित्य-घोषणापत्रं / प्रयोगशाळा अहवाल क्रमांक ___. मॉडेल: ___. उत्पादनाचं ठिकाण: ___. दिनांक: ___.’

‘हेतुपूर्वक वापरलेला नाही’ आणि ‘०.१ टक्क्यापेक्षा जास्त नाही’ ही दोन्ही वाक्यं ठेवा. पहिलं पॅनल आणि कुपीचा गोंधळ मिटवतं, दुसरं मानकाच्या आकड्याला उत्तर देतं. सादर करायची प्रत इंग्रजीत घ्या.

एसडीएस, एचपीडी किंवा डिक्लेअर लेबल पुरतं का?

एसडीएस (रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक) एकटी पुरत नाही. ती रसायनं आणि मिश्रणांसाठी असते. थर्मोस्टॅट किंवा रिले ही वस्तू, तिला एसडीएस नसतेच. रंग, चिकटद्रव्यं, पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग यांना असते. तिथे तिसऱ्या विभागात घटक दिलेले असतात, पण पाऱ्यासारखा घटक साधारण ०.१ टक्क्याखाली असेल तर तो यादीत न दाखवण्याची मुभा असते. यादीत पारा दिसत नाही, एवढ्यावरून तो नाही असं म्हणता येत नाही.

एचपीडी, म्हणजे उत्पादनातल्या घटकांचं आरोग्यविषयक घोषणापत्र, जास्त उपयोगी. तिच्यात घटक कोणत्या मर्यादेपर्यंत उघड केलेत ते वर लिहिलेलं असतं. मर्यादा १०० पीपीएम असेल तर पुरावा भक्कम, १००० असेल तर काठावरचा. डिक्लेअर या घटक सांगणाऱ्या लेबलवर ‘रेड लिस्ट फ्री’ (वर्ज्य रसायनांच्या यादीतलं काही नाही) असेल तर पारा त्या यादीतच येतो. दोन्हींवर वैधतेची तारीख असते, ती बघा. अडचण एवढीच की हे दोन्ही कागद फ्लोअरिंग, सीलिंग, फर्निचर यांना सर्रास मिळतात, आणि पारा शोधायचा असतो रिले आणि फ्लोट स्विचमध्ये.

कागदपत्रं कधी जमवायला सुरुवात करावी?

निविदेच्या आधी. ताबा देताना सुरुवात केली तर पुरवठादाराचे पैसे चुकते झालेले असतात, आणि मग पत्रासाठी फोन उचलणारं कोणी नसतं.

क्रम असा ठेवा. पहिलं, विद्युत, एचव्हीएसी, प्लम्बिंग, अग्निशमन आणि बीएमएस (इमारत नियंत्रण यंत्रणा) या पाचही निविदांच्या तांत्रिक अटींमध्ये पाऱ्याचं कलम घाला. प्लम्बिंगचं कलम हमखास राहतं आणि फ्लोट स्विच नेमके त्याच कामात येतात. दुसरं, मटेरियल ॲप्रूव्हल शीटसोबत वरचं पत्र सक्तीचं करा. पत्र नाही तर मंजुरी नाही. तिसरं, माल गेटवर आला की स्टोअरकीपरने चलन, मॉडेल क्रमांक आणि मंजूर शीट यांचा मेळ घालावा. चौथं, बसवल्यावर नेमप्लेटचा फोटो घ्यावा. फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर तो मिळत नाही. पाचवं, अंतिम बिलातला ठरावीक भाग कागदपत्रांच्या पूर्ततेवर राखून ठेवा. पाचवी अट असली की पहिल्या चार आपोआप पाळल्या जातात.

नोंदवही कशी ठेवावी?

एकच स्प्रेडशीट ठेवा, एका मॉडेलला एक ओळ. रकाने: बीओक्यू क्रमांक, वस्तू, उत्पादक, मॉडेल, नग, ठिकाण किंवा टॅग, पारा आहे की नाही, मिलिग्रॅम किंवा पीपीएम, पुराव्याचा प्रकार, पुराव्याची तारीख, फाइलचं नाव, नेमप्लेट फोटो, तपासणाऱ्याची सही. ‘लागू नाही’ लिहिताना कारण लिहा: ‘यांत्रिक झडप, विद्युत भाग नाही’. नुसतं ‘एनए’ लिहिलं तर समीक्षक ती ओळ रिकामी धरतो.

फाइलच्या नावात बीओक्यू क्रमांक आणि मॉडेल क्रमांक ठेवा. ‘स्कॅन-००४७’ नावाच्या दोनशे पीडीएफ कोणीही उघडून बघत नाही.

प्रयोगशाळेत चाचणी करून घ्यावी का?

सगळ्या वस्तूंची नको. उत्पादकाचं पत्र मिळत नसेल, किंवा पत्रावर शंका असेल, तरच करा. पद्धतीचा क्रम आयईसी ६२३२१ मालिकेत आहे: भाग ३-१ एक्सआरएफने (क्ष-किरणांनी घटक ओळखून) प्राथमिक छाननीसाठी, भाग ४ पाऱ्याच्या नेमक्या मोजणीसाठी. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्यताप्राप्त असावी आणि तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत पारा व ही पद्धत दोन्ही लिहिलेली असावीत. व्याप्तीचं पान मागून घ्या.

हातातल्या एक्सआरएफ बंदुकीबद्दल गैरसमज खूप आहेत. ती पृष्ठभाग वाचते. जाड आवरणाच्या सीलबंद फ्लोटच्या आतली कुपी तिला दिसेलच असं नाही. नमुना फोडून वेगळे केलेले भाग तपासावे लागतात. आणि नमुना विरघळवताना उघड्या भांड्यात तापवला तर पारा वाफ होऊन उडून जातो, अहवालात आकडा कमी येतो. बंद भांड्यातलं मायक्रोवेव्ह पचन वापरलं आहे का ते अहवालात बघा. नमुन्यांचा फोटो आणि कोणता भाग तपासला याचं वर्णनही हवं. बाहेरच्या प्लास्टिकच्या डबीचा स्वच्छ अहवाल संपूर्ण रिलेचा म्हणून फिरवला जातो, तो ओळखता आला पाहिजे.

फाइल परत येण्याची नेहमीची कारणं कोणती?

पत्र विक्रेत्याचं असतं. पत्र एका मॉडेलचं आणि माल दुसऱ्याच, कारण साइटवर ‘समतुल्य’ म्हणून बदल झाला आणि नोंदवहीत चढला नाही. नुसतं सीई हे युरोपीय चिन्ह दाखवलेलं असतं. पत्राची तारीख उत्पादनाच्या कित्येक वर्षं आधीची असते. पॅनल बनवणाऱ्याने पॅनलचं पत्र दिलं, आतल्या रिले आणि टायमरची पत्रं जोडलीच नाहीत.

शेवटचं कारण भारतात फार आढळतं. स्थानिक पॅनल बिल्डर सुटे भाग बाजारातून घेतो. त्याच्याकडून फक्त बिल ऑफ मटेरियल घ्या आणि पत्रं थेट सुट्या भागांच्या उत्पादकांकडून मिळवा. मोठ्या स्विचगिअर कंपन्या बहुधा ती संकेतस्थळावर मॉडेलनुसार ठेवतात.

भारतीय कायद्याचा इथे काय उपयोग?

बराच. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या अनुसूचीत १०६ प्रकारची उपकरणं आहेत, त्यांत स्मोक डिटेक्टर आणि थर्मोस्टॅटही येतात. या उपकरणांच्या एकजिनसी पदार्थात पाऱ्याची मर्यादा ०.१ टक्के आहे आणि उत्पादकाने तसं वापर-पुस्तिकेत जाहीर करायचं असतं. पत्र द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला हे कलम दाखवा. जाहीर करणं त्याचं कर्तव्यच आहे.

त्यापलीकडे पाऱ्यावरचा मिनामाता हा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला. भारताने जून २०१८ मध्ये तो मंजूर केला आणि काही उत्पादनांसाठी २०२५ पर्यंतची मुदत घेतली. स्विच, रिले, थर्मामीटर, रक्तदाबयंत्रं, उच्च दाबाचे मर्क्युरी व्हेपर दिवे करारात वर्ज्य ठरले आहेत. २०२३ मध्ये जिनिव्हात झालेल्या पाचव्या परिषदेने सर्वसाधारण प्रकाशाच्या फ्लुरोसंट दिव्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचं ठरवलं. याचा व्यावहारिक अर्थ असा की आज फ्लुरोसंट फिक्श्चर बसवणाऱ्याला थोड्याच वर्षांत बदली पट्टी मिळणार नाही.

रंग, पीयू फ्लोअरिंग, फ्लाय ॲशच्या विटा यांचंही पत्र हवं का?

पीयू फ्लोअरिंगचं नक्की मागा. पॉलियुरेथेन घट्ट होण्यासाठी फिनाइलमर्क्युरीची संयुगं उत्प्रेरक म्हणून वापरली जात. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकांत बसवलेल्या शाळांच्या व्यायामशाळांतले असे रबरी मजले आजही पाऱ्याची वाफ सोडताना आढळतात. युरोपात अशा पाच संयुगांवर १० ऑक्टोबर २०१७ पासून ०.०१ टक्के पाऱ्याची मर्यादा आहे. ती रोह्सपेक्षा दहापट कडक आहे. खेळाचे मजले, ओतीव जलरोधक थर आणि सांधे भरायचं पीयू यांच्या पुरवठादाराला ‘उत्प्रेरकात पाऱ्याचं संयुग नाही’ असं स्पष्ट लिहायला सांगा.

जलाधारित रंगात बुरशी रोखायला हीच संयुगं घालत. अमेरिकेत घरातल्या रंगांतून ती १९९० मध्ये हद्दपार झाली. आजच्या नामांकित रंगांना एक ओळीचं पत्र पुरतं. फ्लाय ॲश आणि वीजकेंद्रातल्या जिप्समपासून बनलेल्या बोर्डात कोळशातून आलेला पारा अत्यल्प प्रमाणात असतो. एक्स०१चा रोख त्यावर नाही.

नूतनीकरणात जुन्या वस्तू निघाल्या तर?

पाडकामाच्या आधी फेरी मारा आणि प्रत्येक पारायुक्त वस्तू पिवळ्या स्टिकरने खुणावा. त्या वस्तू पाडकाम करणाऱ्याच्या आधी इलेक्ट्रिशियनने काढाव्यात. थर्मोस्टॅट अखंड काढा, कुपी सुटी करू नका, झाकणाच्या डब्यात उभा ठेवा. पट्ट्या मूळ खोक्यात आडव्या ठेवा. गठ्ठे बांधून उभ्या केल्या की फुटतात.

भंगारवाल्याला यातलं काहीही देऊ नका. तो तांब्यासाठी कुपी फोडतो आणि पारा त्याच्या घरात जातो. दिवे आणि उपकरणं नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे जातात, उघडा पारा आणि दूषित माल घातक कचऱ्याच्या अधिकृत सुविधेकडे. महाराष्ट्रात अशी केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत. नग, वजन, वाहन आणि पोचपावती यांची प्रत प्रमाणपत्राच्या फाइलला जोडा.

साइटवर पट्टी फुटली तर काय करायचं?

माणसं बाहेर काढा, एसी बंद करा, खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं थांबा. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही वर्ज्य, कारण दोन्हींमुळे पारा हवेत आणि फटींत पसरतो. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने काच गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला, ओल्या कागदाने पुसा. सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करून घातक कचऱ्यात द्या. नोंदवहीत तारीख आणि जागा लिहा.

आम्ही भाडेकरू आहोत. इमारतीच्या मूळ यंत्रणेची पत्रं कुठून आणायची?

तुम्ही नव्याने बसवलेलं तेवढं तुमच्या जबाबदारीचं. हद्द नकाशावर रंगवून दाखवा: मालकाचा एएचयू इथपर्यंत, आमचा व्हीएव्ही बॉक्स (खोलीत येणाऱ्या हवेचं प्रमाण बदलणारा) आणि थर्मोस्टॅट इथून पुढे. मालकाने तुमच्या मागणीवरून काही नवं बसवलं असेल तर ते कोणाच्या खात्यात ते लेखी ठरवा. वादाची वस्तू हमखास थर्मोस्टॅटच असते.

प्रमाणपत्र मिळाल्यावर फाइल बंद करायची का?

नाही. वेल प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं आहे आणि पुनःप्रमाणनाच्या वेळी मधल्या काळात बसवलेल्या वस्तूंचा प्रश्न येतोच. देखभाल विभागाच्या खरेदी मागणीपत्रावर ‘पाऱ्याचं पत्र जोडलं: होय / नाही’ असा एक रकाना छापून घ्या. सुट्टीच्या दिवशी पंप बंद पडला आणि प्लम्बरने जवळच्या दुकानातून फ्लोट स्विच आणला, तर सोमवारी त्याचा मॉडेल क्रमांक नोंदवहीत चढवून उत्पादकाला मेल जायला हवा. पत्र आठ दिवसांत आलं नाही तर तो स्विच काढून मंजूर मॉडेलचा लावा, आणि यापुढे त्या मॉडेलचे दोन नग स्टोअरमध्ये शिल्लक ठेवा.